डर्ट रेसिंगला अंगावर काय घालायचं? चेस्ट, बॅक, खांदा, कोपर, मान: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

२०२४ च्या जानेवारीत बालेवाडीला इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची (सुपरक्रॉस म्हणजे बनवलेल्या मातीच्या ट्रॅकवरची उड्यांची बाइक रेस) पहिली रेस झाली, त्यानंतर डर्टमध्ये, म्हणजे मातीवरच्या रेसिंगमध्ये उतरायचंय म्हणणारी पोरं-पोरी खूप वाढलीत आणि ही फार चांगली गोष्ट आहे. पण बाइकचं सस्पेन्शन, स्प्रॉकेट, टायर यावर तासन्‌तास बोलणारी हीच मंडळी छाती-पाठीच्या गिअरचा विषय निघाला की "ते काय, कुठलंही चालतं" म्हणतात. कुठलंही चालत नाही. हेल्मेट, बूट आणि नी-गार्ड हा वेगळा विषय आहे, इथे फक्त कमरेच्या वरचं बोलूया.

हेल्मेट आणि बूट भारीतले आहेत. वरती नुसती जर्सी चालेल ना?

नाही. डर्टमध्ये स्पीड रोडपेक्षा कमी असतो म्हणून लोकांना वाटतं की मार पण कमी बसेल, पण इथे माणूस उंचावरून पडतो. टेबलटॉपवर (वरून सपाट असलेल्या उडीच्या टेकाडावर) पुढचं चाक खाली गेलं की हँडलवरून पुढे फेकले जाता, लँडिंग थेट खांद्यावर नाहीतर पाठीवर, आणि मग वरून स्वतःचीच बाइक येते. ती चुकली तर मागून उडी मारून येणाऱ्याला तुम्ही दिसतच नाही कारण तुम्ही उताराच्या पलीकडे पडलेले असता. सुपरक्रॉसमध्ये सगळ्यात घाण जखमा याच प्रकारात होतात. शिवाय स्टार्टचं गेट पडल्यावर पहिल्या कॉर्नरला सगळे एकदम घुसतात, तिथे दुसऱ्याच्या हँडलचं टोक बरगडीत किंवा पोटात बसतं. हँडलचं टोक म्हणजे छोट्या जागेवर सगळा जोर, त्यानं बाहेर फक्त एक गोल व्रण दिसतो आणि आत लिव्हर किंवा प्लीहा फाटलेली असू शकते. जर्सी घाम शोषते आणि नंबर दाखवते, बाकी काही करत नाही.

रूस्ट गार्ड आणि चेस्ट प्रोटेक्टर एकच ना?

या पानावरचं दुसरं काही वाचलं नाही तरी चालेल, हे मात्र वाचा.

रूस्ट म्हणजे पुढच्याच्या मागच्या टायरमधून उडणारी माती, खडे, ढेकळं. आपल्याकडे ट्रॅक बहुतेक मुरमाचे, त्यातले खडे नॉबी (मोठ्या गाठींच्या) टायरमधून सुटले की छातीवर गोळीसारखे बसतात, आणि काळ्या मातीचा ट्रॅक असेल तर वाळलेलं ढेकूळ दगडापेक्षा कमी नसतं. हे अडवायला जे कडक प्लास्टिकचं कवच मिळतं ते रूस्ट गार्ड, ज्याला काही जण रूस्ट डिफ्लेक्टर म्हणतात. त्याचं स्टँडर्ड आहे ईएन १४०२१ (ईएन म्हणजे युरोपियन स्टँडर्ड), आणि ते स्टँडर्ड फक्त उडणाऱ्या दगड-खड्यांपुरतं आहे. पडल्यावर छातीवर बसणारा धक्का हे गार्ड किती कमी करतं याची तपासणी त्यात होतच नाही.

धक्क्यासाठीचं स्टँडर्ड वेगळं: छातीला ईएन १६२१-३, पाठीला ईएन १६२१-२.

आता गंमत अशी नाही, धोका असा आहे की दुकानात दोन्ही एकाच हुकला टांगलेले असतात, दिसायला रूस्ट गार्डच जास्त दणकट वाटतं, रंगीत असतं, खांद्यावर मोठाल्या वाट्या असतात, आणि आतून हात लावला तर पातळ फोमची एक पट्टी. प्लास्टिक कडक असलं म्हणून धक्का कमी होत नाही. प्लास्टिक तो पसरवतं, शोषून घ्यायचं काम आतल्या फोमचं असतं. म्हणून पहिल्यांदा उलटं करून आतली बाजू बघा आणि मग लेबल. काही मॉडेल्सवर १४०२१ आणि १६२१-३ दोन्ही छापलेलं असतं, डर्ट रेसिंगला तेच घ्यायचं.

लेबलवर नेमकं काय वाचायचं?

आत शिवलेलं किंवा छापलेलं एक चित्र असतं, बाइकवाल्याचं. त्याच्या आजूबाजूला नंबर आणि अक्षरं असतात.

ईएन १६२१-१ हे खांदा आणि कोपरासाठी (गुडघा, हिप पण यातच). एस म्हणजे शोल्डर, ई म्हणजे एल्बो. सोबत ए किंवा बी टाइप असतो, ए म्हणजे लहान पॅड, बी म्हणजे जास्त जागा झाकणारा.

ईएन १६२१-२ हे पाठीसाठी. इथे एफबी म्हणजे पूर्ण पाठ, सीबी म्हणजे मधला मणक्याचा भाग, एलबी म्हणजे फक्त कंबर. रेसिंगला एफबी नाहीतर सीबी. नुसता एलबी घेऊन "बॅक प्रोटेक्टर आहे माझ्याकडे" म्हणू नका, वरचा सगळा मणका उघडा राहतो.

ईएन १६२१-३ हे छातीसाठी. सी म्हणजे अखंड, डीसी म्हणजे मधून दोन भाग झालेला, जसा जॅकेटच्या चेनच्या दोन्ही बाजूंना असतो.

शेवटी १ किंवा २ ही लेव्हल.

"सीई" लिहिलेलं आहे, एवढं पुरेसं नाही का?

सीई म्हणजे युरोपातल्या नियमांची खूण, पण नुसतं सीई कशावरही छापलेलं सापडतं. नंबर नसेल, लेव्हल नसेल तर ते लेबल वाचण्यासारखं नाही. अजून एक चलाखी बघितलीये, जॅकेटवर मोठ्या अक्षरात सीई असतं पण ते फक्त कोपराच्या पॅडचं असतं, पाठीत नुसता पातळ फोमचा तुकडा. प्रत्येक पॅड बाहेर काढून त्याच्यावरचं छापील वाचा, दुकानदार नको म्हणाला तर दुसरं दुकान बघा.

लेव्हल १ आणि लेव्हल २ मध्ये खरंच एवढा फरक आहे?

पाठीच्या बाबतीत सरळ दुप्पट. टेस्टमध्ये ५ किलोचं वजन साधारण १ मीटरवरून पॅडवर पाडतात, म्हणजे ५० ज्यूलचा दणका, आणि पॅडच्या खाली किती जोर पोचला ते मोजतात. बॅक प्रोटेक्टर लेव्हल १ असेल तर खाली सरासरी १८ किलोन्यूटनपर्यंत (जोर मोजायचं एकक) चालतं, लेव्हल २ ला मर्यादा ९. खांदा-कोपराला लेव्हल १ म्हणजे ३५ पर्यंत, लेव्हल २ म्हणजे २० पर्यंत. आकडा जितका कमी तितका तुमच्या हाडापर्यंत कमी जोर पोचतो.

म्हणून माझं ठाम मत, पाठीला लेव्हल २ च. कोपराला लेव्हल १ चालवून घ्या कारण तिथे जाड पॅड असलं की हात वाकवताना त्रास होतो आणि आर्म पंप (हात आखडून पकड सुटणं) लवकर येतो. छातीला लेव्हल १ पण नीट बसणारं असेल तर ते लेव्हल २ पण सैल यापेक्षा कधीही बरं. हो, ५० ज्यूल म्हणजे खऱ्या मोठ्या क्रॅशच्या मानाने कमीच आहे, लेव्हल २ घातलं म्हणजे मणक्याला काही होणारच नाही असं कुणी सांगत असेल तर ऐकू नका.

एप्रिल-मेमध्ये इतकं गरम होतं, हे सगळं घालून चक्कर येईल.

उन्हाळ्यात ट्रॅकवर त्रास होतो, खरं आहे. पण उन्हाचा दुसरा परिणाम जास्त महत्त्वाचा आहे. आजकालची मऊ आर्मर, म्हणजे हातात लुसलुशीत लागतात आणि धक्का बसला की घट्ट होतात ती, त्यातली काही जास्त गरम झाली की अजून मऊ पडतात आणि धक्का कमी शोषतात, थंडीत उलट कडक होतात. त्यासाठी लेबलवर टी+ अशी खूण असते, म्हणजे हा पॅड ४० अंशालाही तपासून पास झालाय. टी- म्हणजे उणे १० ला. ही टेस्ट ऐच्छिक असते त्यामुळे सगळ्यांवर खूण सापडत नाही, पण विदर्भ-मराठवाड्यात, खानदेशात, सोलापूरकडे चालवणार असाल तर टी+ शोधाच. आणि गिअर बंद गाडीच्या डिकीत उन्हात ठेवून लगेच गेटवर जाऊ नका, सावलीत काढून ठेवा.

हवेसाठी भोकं असलेला चेस्ट प्रोटेक्टर आणि खाली पातळ घाम सुकवणारा फुल बाह्यांचा बेस लेयर. कॉटनचा बनियन नको, तो भिजून अंगाला चिकटतो आणि पट्ट्यांखाली सोलवटतं. बाकी गरम होतं म्हणून प्रॅक्टिसला काढून ठेवणारे खूप बघितलेत, आणि प्रॅक्टिसमध्ये पडणारे पण तितकेच.

जर्सीच्या आत घालायचं की बाहेर?

दोन्ही चालतं. बाहेरचं काढायला-घालायला सोपं, हवा चांगली खेळते, माती थेट प्लास्टिकवरून घसरते. आतलं अंगाला चिकटून राहतं, पडल्यावर सरकत नाही, कशात अडकत नाही. सुपरक्रॉस-मोटोक्रॉसला मला आतलं आवडतं. एक बघा, आत घालायचं ठरवलं तर जर्सी एक साइझ मोठी लागेल.

फुल बाह्यांचं जाळीचं आर्मर जॅकेट घेऊ की चेस्ट-बॅक वेगळं आणि कोपराचं वेगळं?

जाळीच्या जॅकेटचं आकर्षण कळतं, एका चेनमध्ये सगळं अंगावर. शिकताना, एंड्युरो ट्रेलला, लांब रॅलीला चांगलं जॅकेट उत्तम काम करतं कारण दिवसभर पट्ट्या सोडा-बांधायला वेळ नसतो. पण "चांगलं" हा शब्द महत्त्वाचा आहे. ऑनलाइन जे एकदम स्वस्तात मिळतं, पाठीवर प्लास्टिकचे खवले, छातीवर दोन वाट्या आणि कुठल्यातरी मोठ्या ब्रँडचं नाव चिकटवलेलं, त्यात ना १६२१ चा नंबर असतो ना लेव्हल, आणि जाळी इतकी सैल की जमिनीवर घासत गेलात की बाही वर सरकते आणि कोपराचा पॅड दंडावर जातो. जॅकेट घ्यायचंच तर मनगटाला अंगठा अडकवायचा लूप, कोपराच्या वर-खाली पट्टी आणि कमरेला रुंद पट्टा हवाच.

वेगळं वेगळं घेण्याचा फायदा असा की छाती-पाठ तुमच्या मापाचं आणि कोपर तुमच्या हाताच्या मापाचं मिळतं, एखादी गोष्ट तुटली की तेवढीच बदलता येते. माझं झुकतं माप याच बाजूला आहे.

खांद्याला पॅड आहे तर कॉलरबोन तुटणार नाही ना?

तुटू शकते, आणि डर्टमध्ये सगळ्यात जास्त तुटणाऱ्या हाडांपैकी ती एक आहे. पडताना माणूस आपोआप हात पुढे टेकवतो, तो जोर हातातून खांद्याकडे चढतो आणि मधलं बारीक हाड जातं, किंवा खांद्याच्या टोकावर पडलं की जोर आडवा येतो. खांद्याचा पॅड वरून बसणारा मार आणि खरचटणं अडवतो, हा आडवा जोर अडवू शकत नाही. तरी पॅड घालाच, कारण खांद्याचा सांधा आणि वरची बाजू वाचते. फक्त त्याच्याकडून नको ती अपेक्षा ठेवून उड्या मारू नका.

नेक ब्रेस घ्यावा का?

नेक ब्रेस म्हणजे मानेभोवती खांद्यांवर बसणारी कडक चौकट. यावर लोक दोन्ही बाजूंनी जोरात भांडतात.

दक्षिण आफ्रिकेतले डॉक्टर ख्रिस लिएट यांनी २००१ मध्ये एका रायडरचा मृत्यू बघितल्यावर यावर काम सुरू केलं आणि त्यातून लिएट ब्रेस आला, नंतर इतर कंपन्यांनीही काढले. कल्पना अशी, डोकं एका मर्यादेपलीकडे मागे, पुढे किंवा बाजूला जायला लागलं की हेल्मेटची कड ब्रेसवर टेकते आणि जोर मानेतून न जाता छाती-पाठ-खांद्यावर उतरतो. विरोध करणारे म्हणतात की जोर मानेतून निघून दुसरीकडे, म्हणजे पाठीच्या वरच्या मणक्यांवर किंवा कॉलरबोनवर जातो, शिवाय डोकं वळवायला कमी जागा राहते.

माझं म्हणणं, उड्या मारत असाल तर घ्या, पण मापात बसवून घ्या. ब्रेस हा हेल्मेट आणि चेस्ट प्रोटेक्टर या दोघांशी जुळावा लागतो. प्रोटेक्टरचा वरचा काठ ब्रेसच्या खाली शिरून त्याला उचलत असेल तर ब्रेस असून नसल्यासारखा. म्हणून ब्रेस घ्यायचा विचार पुढे-मागे असेल तर चेस्ट प्रोटेक्टर आत्ताच असा घ्या ज्याचे खांद्याचे भाग काढता येतात किंवा ब्रेससाठी खाच दिलेली आहे. आणि मानेभोवती घालायची फोमची गोल पट्टी म्हणजे नेक ब्रेस नाही, ती लांबच्या राइडला मान दुखू नये म्हणून असते.

साइझ कशी बघायची? मी मिडियम शर्ट घालतो.

शर्टाची साइझ विसरा. तीन मापं घ्या: छातीचा घेर, उंची, आणि पाठीची लांबी. पाठीची लांबी म्हणजे मान खाली घातल्यावर मानेच्या मुळाशी जे टणक हाड हाताला लागतं तिथपासून कमरेच्या रेषेपर्यंत. बॅक प्रोटेक्टरच्या लेबलवर कंबर ते खांदा अशी लांबी सेंटिमीटरमध्ये दिलेली असते, ती याच्याशी ताडून बघा.

मग दुकानात आरशासमोर ताठ उभं राहून बघायचं नाही, तसं सगळंच छान बसतं. हेल्मेट सोबत न्या. गिअर घाला, हेल्मेट घाला, आणि पेगवर (पाय ठेवायच्या दांड्यांवर) उभे असल्यासारखे उभे राहा, गुडघे वाकलेले, कोपर बाहेर, छाती हँडलवर. आता मान वर करून लांब बघा. हेल्मेटची मागची कड बॅक प्रोटेक्टरच्या वरच्या टोकाला आपटत असेल तर ते तुमच्यासाठी नाही, कारण उतारावर तुमची नजर समोरच्या टायरवरच अडकणार. मग सीटवर बसल्यासारखे खाली बसा, पुढचा काठ पोटात रुतून प्रोटेक्टर हनुवटीकडे ढकलला जातोय का ते बघा. दोन्ही हात वर करा, मित्राला सांगा की खालून धरून जोरात वर ओढ आणि डावी-उजवीकडे फिरव. दोन बोटांपेक्षा जास्त सरकला तर सैल. शेवटी खोल श्वास घ्या, तोही पूर्ण घेता आला पाहिजे.

ऑनलाइनच घ्यायचं असेल तर परत करायची सोय आधी वाचा.

रोडचं रायडिंग जॅकेट आहे आधीच, त्यात लेव्हल २ पॅड पण आहेत.

शिकायच्या पहिल्या एक-दोन दिवसांना चालेल, उघड्यापेक्षा शंभर पटीने बरं. रायनॉक्ससारख्या गिअर बनवणाऱ्या आपल्या मुंबईच्या कंपन्यांनी निदान रोडवाल्यांना तरी गिअरची सवय लावली हे चांगलंच झालं. पण रोडचं जॅकेट डांबरावर घासून फाटू नये म्हणून जाड कापडाचं असतं, डर्टला घासण्यापेक्षा आपटणं जास्त आणि अंगाची हालचाल खूप जास्त, त्यामुळे त्यात उकडतं, कोपर वर करताना ओढतं. बऱ्याच रोड जॅकेटमध्ये छातीला पॅडचा खिसा असतो पण आत पॅड नसतो, तेही तपासा.

एअरबॅग व्हेस्ट?

एअरबॅग व्हेस्ट म्हणजे पडताना आपोआप फुगणारं जाकीट. २०२१ पासून डाकार या लांब पल्ल्याच्या वाळवंटी रॅलीत मोटारसायकलवाल्यांना एअरबॅग सक्तीची आहे, म्हणजे आपला भारतीय रायडर हरिथ नोआनं २०२४ ला तिथे रॅली २ क्लास जिंकला तेव्हा त्याच्या अंगावरही ती होतीच. ते बघून सुपरक्रॉसवाली पोरं विचारतात. रॅलीत तासन्‌तास जास्त स्पीड असतो, तिथे ती जीव वाचवणारी गोष्ट आहे. सुपरक्रॉसमध्ये दर लॅपला हवेत उडणं, दणकून लँड होणं, व्हूप्सवर (ओळीने लागणाऱ्या छोट्या उंचवट्यांवर) आदळणं हेच नॉर्मल असतं आणि रोडसाठी बनवलेल्या एअरबॅगच्या सेन्सरला यातला खरा क्रॅश कुठला ते ओळखता येईलच असं नाही. दोरीने बाइकला बांधायची जी असते ती तर उभं राहून चालवणाऱ्याला नकोच. रॅली करणार असाल तर ऑफ-रोडसाठीच बनवलेली घ्या. शॉर्ट ट्रॅकला हेच पैसे आधी लेव्हल २ बॅक, छाती आणि ब्रेसवर टाका.

मुलगा १० वर्षांचा आहे. वाढतं वय, दोन वर्षं चालेल असं मोठं घेऊ का?

शाळेचा गणवेश घेताना ते ठीक आहे, इथे नको. मोठा प्रोटेक्टर पडल्यावर वर सरकतो आणि त्याचा काठ गळ्यावर आदळतो, म्हणजे जे वाचवायला घेतलं तेच लागतं. मुलांच्या बरगड्या लवचिक असतात, त्यामुळे हाड न तुटताही आतल्या अवयवांना मार बसू शकतो, म्हणून मुलांना नुसतं रूस्ट गार्ड अजिबात नको, १६२१-३ चं युथ साइझमधलं चेस्ट आणि पाठीला लेव्हल २ हवंच. बाजूच्या पट्ट्या वाढवता येणारं मॉडेल घ्या, लहान झालं की दुसऱ्या छोट्या रायडरला द्या, ट्रॅकवरच्या पालकांमध्ये अशी देवाणघेवाण चालते. आणि काका-मामा कुणी "आमच्या वेळी असलं काही नव्हतं" म्हणाले तर शांतपणे ऐकून घ्या आणि मुलाच्या पट्ट्या बांधा.

मुलींसाठी वेगळं मिळतं का?

मिळतं, पण आपल्याकडच्या दुकानात कमी ठेवतात, मागवून घ्यावं लागतं. पुरुषांचं सपाट चेस्ट प्लेट छातीवर दाबतं आणि खाली पोटापाशी अधांतरी राहतं. ताई, दुकानदार "युथ लार्ज घ्या, बसेल" म्हणेल, घालून वरच्या सगळ्या तपासण्या केल्याशिवाय घेऊ नका. डीसी प्रकारातलं दोन भागांचं किंवा खोलगट आकाराचं बऱ्याच जणींना चांगलं बसतं.

बजेट खरंच कमी आहे. आधी काय?

कमरेच्या वरचं धरलं तर पाठ लेव्हल २, मग छाती, मग कोपर, मग नेक ब्रेस, खांदा बहुतेक वेळा छातीच्या गिअरसोबत येतोच. ग्राफिक्स किट, रंगीत हँडल ग्रिप आणि सायलेन्सर या सगळ्याच्या आधी. गावाकडच्या डर्ट रेसला मी अशी पोरं बघितलीत ज्यांची जुनी टू-स्ट्रोक बाइक इतकी सुंदर ट्यून केलेली असते की ऐकत राहावं, आणि अंगावर फुटबॉलची जर्सी. त्या पोरांमध्ये खरा दम आहे, आणि पैसे नसतात हेही माहितीये, पण इंजिनच्या पुढच्या कामाचे पैसे एकदा पाठीवर लावा.

सेकंडहँड चालेल?

कोपराचे गार्ड, रूस्ट गार्ड, डोळ्यांनी तपासून घ्या. बॅक प्रोटेक्टर फक्त ओळखीच्या माणसाकडून ज्याच्या क्रॅशचा इतिहास तुम्हाला माहितीये. फोम बाहेरून धड दिसून आतून दबलेला असू शकतो.

कधी बदलायचं?

मोठा दणका बसला, प्लास्टिकला तडा गेला, फोम अंगठ्याने दाबल्यावर परत वर येत नाही, पट्टीचं वेल्क्रो धरत नाही, यातलं काहीही झालं की. काही फोम एकाच मोठ्या दणक्यासाठी असतात, काही परत परत चालतात, सोबतच्या कागदात लिहिलेलं असतं, तो कागद फेकू नका.

धुवायचं कसं?

पॅड काढून कापड हाताने, साध्या साबणाने. पॅड ओल्या फडक्याने पुसा. सावलीत वाळवा, गच्चीवर कडक उन्हात नको. चेनला लावायचं रॉकेल, पेट्रोल, थिनर पॅडला अजिबात लागू देऊ नका, फोम खराब होतो. पावसाळ्यात ओलं बॅगेत राहिलं की बुरशी धरते आणि तो वास परत जात नाही.

स्क्रुटिनीला काय बघतात?

स्क्रुटिनी म्हणजे रेसआधीची बाइक आणि गिअरची तपासणी. त्यात काय बघतात ते त्या त्या रेसच्या सप्लिमेंटरी रेग्युलेशन्समध्ये (त्या रेसच्या नियमावलीत) दिलेलं असतं, एन्ट्री भरतानाच वाचा, आदल्या रात्री नाही. लेबल पुसट झालं असेल तर अडकू शकता, म्हणून नवीन असतानाच लेबलचा फोटो काढून ठेवा आणि बिल जपा. अजून एक गोष्ट स्वतःहून बघा, समोरून किंवा बाजूने क्लिपने उघडणारं घ्या, डोक्यावरून ओढून काढायचं नको. पडल्यावर मानेला लागलंय असा संशय असेल तर डॉक्टरला तुम्हाला न हलवता ते काढता आलं पाहिजे. क्लिप कुठल्या, ब्रेस कसा सुटतो हे तुमच्या पिटमधल्या (ट्रॅकशेजारी बाइकची कामं करायच्या जागेतल्या) एका माणसाला रेसच्या सकाळी दाखवून ठेवा, आणि हेल्मेट ओढून काढायला धावणाऱ्यांना अडवायचं कामही त्यालाच द्या.